तापलेल्या लोखंडांतील चुंबक मरतो कीं निजतो?

ज्या घरांत शाळेंत जाणारीं मुलें आहेत, त्या घरांत एखादा लोहचुंबक सांपडावयाचाच. कधीं तो मोडक्या ध्वनिक्षेपकांतून काढलेला असतो, कधीं शीतकपाटाच्या दारावर चिकटविलेल्या चित्राच्या पाठीशीं असतो, तर कधीं आजीच्या शिवणाच्या डब्यांत सांडलेल्या सुया गोळा करण्याचें काम करीत असतो. त्याचें नवल वाटण्याचें वय लवकरच निघून जातें आणि मग तो एक उपयोगी वस्तु होऊन बसतो. आमच्या पूर्वजांस मात्र हें नवल पुष्कळ काळ पुरलें. सुई लोहचुंबकाकडे धांवते याचें कारण ‘अदृष्ट’ होय, असें कणादांच्या वैशेषिक सूत्रांत सांगितलें आहे. कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत, शंकराचें निश्चल मन उमेच्या रूपानें कसें ओढावें हें सांगतांना ब्रह्मदेवाच्या तोंडीं कालिदासानें लोखंड व अयस्कांत यांचीच उपमा घातली आहे. पुरुषाच्या केवळ सान्निध्यानें प्रकृति कशी हालते हें पटविण्यासाठीं सांख्यांनीं हाच दृष्टांत घेतला, आणि शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत त्याची कसून चिकित्सा केली.

या सर्वांत कणादांचा ‘अदृष्ट’ हा शब्द मला विशेष आवडतो. कारण आहे, पण तें आम्हांस दिसत नाहीं, अशी सरळ कबुली त्यांत आहे. शिक्षकाच्या अंगीं असावा असा हा गुण. परंतु तो माझ्या अंगीं एकदां नव्हता, आणि त्या प्रसंगापासूनच या लेखाचा आरंभ केला पाहिजे.

मी मूळचा संस्कृतचा शिक्षक. एके वर्षीं विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळें आठवीचा एक तास माझ्याकडे आला. पाठ लोहचुंबकाचा होता. लोखंडाचा प्रत्येक कण हा एक लहानसा चुंबक असतो; ते सर्व एका दिशेस तोंड करून राहिले म्हणजे लोखंड चुंबक होतें, आणि तें तापविलें किंवा आपटलें म्हणजे रांग मोडून चुंबकत्व नष्ट होतें, असें पुस्तकांत होतें. तेवढें मीं फळ्यावर लिहिलें. इतक्यांत मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांची गांवाच्या वेशीजवळ लोहारकामाची भट्टी होती. तो म्हणाला, “गुरुजी, आमच्या भट्टींत लोखंड चांगलें लाल झालें कीं लोहचुंबक त्याला धरीतच नाहीं. निवलें कीं पुन्हां धरतो. मग तापल्यावर आंतले लहान चुंबक मरतात, कीं नुसते निजतात?”

वर्ग हंसला. मला उत्तर येत नव्हतें, आणि येत नाहीं असें म्हणण्याचें धैर्यही नव्हतें. “पुस्तकांत आहे तेवढें लिही,” असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. पुढील वर्षीं त्याची शाळा सुटली. घरीं भात्यावर माणूस हवें होतें, हें त्याचें खरें कारण. परंतु माझ्यासमक्ष त्यानें विचारलेला तो शेवटचाच प्रश्न ठरला, ही गोष्ट मनास लागून राहिली.

निवृत्तीनंतर हाताशीं वेळ आला. घरांत पुतण्या भौतिकी शिकविणारा. त्याच्याकडून पुस्तकें घ्यावीं, अडेल तेथें त्यास विचारावें, असा क्रम दोन वर्षें चालला. तेव्हां मला जें कळलें त्यानें मी लाजलों. लोहाराच्या मुलानें विचारलेल्या याच प्रश्नावर जगांतील थोर भौतिकीवेत्ते पन्नास वर्षांहून अधिक काळ वाद करीत होते. त्या वादाची आणि त्यांतून निघालेल्या उत्तराची हकीकत आतां वाचकांपुढें मांडतों.

आपटणें वेगळें, तापविणें वेगळें

प्रथम पाठ्यपुस्तकांतील एक घोटाळा दूर केला पाहिजे. लोखंडाचा साधा खिळा सुईस ओढीत नाहीं, म्हणून त्यांतील लहान चुंबक अस्ताव्यस्त आहेत, असें पूर्वीं मानीत. फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर वाइस यांनीं १९०७ सालीं वेगळाच विचार मांडला. खिळ्याच्या आंत लहान लहान प्रांत असतात, आणि प्रत्येक प्रांतांतील लहान चुंबक आधींच एका दिशेस वळलेले असतात. मात्र निरनिराळ्या प्रांतांच्या दिशा निरनिराळ्या असल्यामुळें बाहेर त्यांचा परिणाम जाणवत नाहीं. एखाद्या पेठेंतील प्रत्येक वाड्यांत एकी असावी, पण एका वाड्याचें दुसऱ्याशीं पटूं नये, तसा हा प्रकार आहे. सुईवरून चुंबक घासणें, चुंबक आपटणें, या क्रिया वाड्यावाड्यांमधील व्यवहाराच्या होत. वाड्याच्या आंतील एकी त्यांनीं मोडत नाहीं.

ती एकी मोडते उष्णतेनें. पियेर क्यूरी यांनीं १८९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत याचें कसोशीनें मापन केलें, म्हणून ज्या तापमानास चुंबकत्व लोपतें त्यास क्यूरी तापमान असें नांव मिळालें. लोखंडाचें क्यूरी तापमान ७७० अंश सेल्सिअस, कोबाल्टचें सुमारे ११२०, आणि निकेलचें सुमारे ३५५. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत हे तिघे शेजारी आहेत. त्यांचे क्रमांक अनुक्रमें २६, २७ व २८. यांस संक्रमणी धातु म्हणतात. मुलानें भट्टींत पाहिलें होतें तें या ७७० अंशांच्या उंबरठ्याचें दृश्य होय. तेव्हां प्रश्न असा कीं, हा उंबरठा ओलांडतांना वाड्यांतील माणसेंच नाहींशीं होतात, कीं माणसें राहतात आणि एकी जाते?

लहान चुंबक म्हणजे कोण?

याचें उत्तर देण्यापूर्वीं तीं माणसें कोण हें पाहूं. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वभावतःच एक अतिसूक्ष्म चुंबक आहे, ही गोष्ट १९२५ सालीं उलेनबेक व गाउडस्मिट या दोन तरुण डच शास्त्रज्ञांच्या कल्पनेंतून पुढें आली. इलेक्ट्रॉनाच्या या गुणास स्पिन, किंवा आपल्या भाषेंत परिवलन, म्हणतात. त्यास दोनच दिशा संभवतात. सोयीसाठीं त्यांस ऊर्ध्वमुख व अधोमुख म्हणूं. बहुतेक पदार्थांत ऊर्ध्वमुख व अधोमुख इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमून हिशेब शून्यावर येतो. लोखंडांत मात्र प्रत्येक अणूमागें कांहीं ऊर्ध्वमुख इलेक्ट्रॉन शिलकीस उरतात.

पण ते एका दिशेस तोंड करून कां राहतात? दोन चुंबक एकमेकांस ओढतात त्याच ओढीनें, असें कोणासही वाटेल. ती ओढ मोजून पाहिली तर अगदीं दुबळी निघते. तिच्या जोरावर लोखंडांतील एकी निरपेक्ष शून्याच्या वर एखाददुसऱ्या अंशापलीकडे टिकली नसती. मग शेंकडों अंशांची गोष्ट कशाला? खरें कारण १९२८ सालीं वेर्नर हायझेनबर्ग यांनीं दाखविलें, आणि तें मोठें चमत्कारिक आहे. पुंजसिद्धांताचा एक कडक नियम असा कीं, एकाच दिशेचे दोन इलेक्ट्रॉन एका जागीं येऊं शकत नाहींत. म्हणून एकमुखी इलेक्ट्रॉन आपोआपच परस्परांपासून अंतर राखून राहतात. दोघांवरही ऋण विद्युद्भार असल्यामुळें ते एरव्हीं एकमेकांस ढकलीत असतात. अंतर राखल्यानें ही ढकलाढकल कमी होते आणि ऊर्जा वांचते. म्हणजे लोहचुंबकाच्या एकीचें मूळ परस्परांच्या ओढींत नसून परस्परांशीं होणारी विद्युत्कलह टाळण्याच्या सोयींत आहे. ज्यांनीं एका स्वयंपाकघरांत चार सुनांचा संसार पाहिला आहे, त्यांस हें तत्त्व समजावून सांगावें लागणार नाहीं.

दोन पक्ष

येथपर्यंत सर्वांचें एकमत होतें. वाद पुढें लागला. शिलकीचे हे इलेक्ट्रॉन राहतात कोठें? हायझेनबर्ग यांच्या मांडणींत प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या अणूच्या घरीं स्थायिक असतो. अशा घरवाल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब करणें सोपें पडतें. परंतु लोखंड हा धातु आहे, विजेचा वाहक आहे. त्यांतील इलेक्ट्रॉन सर्वत्र हिंडतात. म्हणून मॉट, स्लेटर आणि विशेषेंकरून इंग्लंडांतील लीड्स येथील एडमंड स्टोनर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत दुसरा पक्ष मांडला. त्यांच्या मतें चुंबकत्व आणणारे इलेक्ट्रॉन कोणाही एका अणूचे नव्हत. ते साऱ्या धातूभर हिंडणारे दोन जमाव आहेत. ऊर्ध्वमुखांचा जमाव मोठा, अधोमुखांचा लहान, आणि या दोहोंतील अंतर म्हणजेच चुंबकत्व.

या दुसऱ्या पक्षाजवळ एक जबरदस्त पुरावा होता. इलेक्ट्रॉनाच्या चुंबकत्वाचें माप एक धरलें, तर दर अणूमागें लोखंडांत २·२, कोबाल्टांत १·७ आणि निकेलमध्यें अवघें ०·६ इतकें चुंबकत्व भरतें. प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या घरींच असता, तर हे आंकडे पूर्णांकांच्या जवळपास यावयास हवे होते. घरांत माणसें एक किंवा दोन असतात; सहा-दशांश माणूस कोणी पाहिला आहे? मात्र गांवभर फिरणाऱ्या जमावाची दर घरामागें सरासरी काढली, तर ती अपूर्णांकांत येण्यास कांहींच हरकत नाहीं.

मग पहिला पक्ष खोटा म्हणावा काय? तसेंही म्हणवेना, कारण उष्णतेच्या बाबतींत त्याचीं उत्तरें अधिक जुळत. निवाडा करावयाचा तर नुसतें पाहून भागणार नव्हतें. धातूस डिवचून पाहणें भाग होतें. बाजारांत मडकें घेतांना आपण तें बोटानें वाजवून पाहतों. वर सारखींच दिसणारीं दोन मडकीं नादावरून ओळखतां येतात. चुंबकाच्या एकीस थोडा धक्का द्यावा, आणि ती कोणत्या रीतीनें हालते तें पाहावें. या हालण्यासच शास्त्रांत चुंबकीय उत्तेजन म्हणतात. हाच त्या मडक्याचा नाद.

तोटा वाटून घेण्याची रीत

हें उत्तेजन दोन रीतींनीं होऊं शकतें. समजा, एका इलेक्ट्रॉनाइतकें चुंबकत्व कमी व्हावयाचें आहे. पहिली रीति अशी कीं, एकाच इलेक्ट्रॉनानें ऊर्ध्वमुखांचा जमाव सोडून पुरतें उलटें व्हावें आणि विरुद्ध जमावांत जाऊन मिळावें. हीस स्टोनर उत्तेजन म्हणतात. ही रीति महाग पडते. आपल्या खोलींतील उष्णतेचे धक्के ज्या मापाचे असतात, त्यांच्याशीं तुलना केली तर लोखंडांत दोन जमावांमधील अंतर सुमारे ऐंशीपट आणि निकेलमध्यें सुमारे बारापट भरतें.

दुसरी रीति स्वित्झर्लंडांत जन्मलेले फेलिक्स ब्लॉख यांनीं १९३० सालीं दाखविली. एकानें पुरतें उलटें होण्याऐवजीं सर्वांनींच थोडें थोडें कलावें. आणि तेंही सर्वांनीं एकदम एकाच बाजूस नव्हे, तर शेजाऱ्यामागून शेजाऱ्यानें, किंचित् मागेंपुढें. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जातो तेव्हां प्रत्येक ताट आपल्या जागीं थोडेंसेंच लवतें, पण एक लाट मात्र या बांधापासून त्या बांधापर्यंत धांवत जाते. चुंबकांतील अशा लाटेस स्पिन-तरंग म्हणतात. एका तरंगानें एकूण चुंबकत्व एका पूर्ण इलेक्ट्रॉनाच्या उलटण्याइतकेंच घटतें, परंतु तो तोटा असंख्य अणूंत वांटला गेल्यामुळें कोणालाच जाचत नाहीं. लाट जितकी लांब, तितकी ती स्वस्त. लांबी दुप्पट झाली तर लागणारी ऊर्जा चौथाईवर येते. एकत्र कुटुंबांत एखाद्या वर्षीं उत्पन्न बुडालें तर एकाच भावास घराबाहेर काढण्यापेक्षां सर्वांनीं एकेक घांस कमी खावा, हीच रीति तेथेंही स्वस्त पडते.

या तरंगांचाही पुंज असतो. त्यास मॅग्नॉन म्हणतात. अशा पुंजांची गणती करावयाची ती १९२४ सालीं ढाका येथें अध्यापक असलेल्या सत्येंद्रनाथ बोस यांनीं दाखविलेल्या पद्धतीनें. तिचा उपयोग करून ब्लॉख यांनीं तापमानाबरोबर चुंबकत्व कसें घटत जाईल याचा नियम सांगितला. घट तापमानाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणांत होते, असा तो नियम; आणि कमी तापमानास तो प्रयोगांशीं उत्तम जुळतो. आपल्या देव्हाऱ्याशेजारीं पडलेल्या लोखंडी अडकित्त्यांतही हे तरंग या क्षणीं चालूच आहेत. निरपेक्ष शून्याशीं लोखंडांत जेवढें चुंबकत्व असतें, त्यांतील शंभरांत सुमारे दोन भाग नेहमींच्या हवेंत या तरंगांपायीं कमी झालेले असतात.

न्यूट्रॉनाची साक्ष

कागदावर लिहिलेले हे तरंग प्रत्यक्ष पाहण्यास साधन हवें होतें. तें १९३२ सालीं शोध लागलेल्या न्यूट्रॉनाच्या रूपानें मिळालें. न्यूट्रॉनास विद्युद्भार नाहीं, म्हणून तो धातूच्या आंत खोलवर सहज शिरतो. पण तो स्वतः एक लहान चुंबक आहे, म्हणून आंतील चुंबकांशीं त्याचें बोलणें होतें. धातूंतून जातांना एखादा तरंग उठविला तर तेवढी ऊर्जा तो गमावतो आणि त्याची दिशाही बदलते. आंत जातांना त्याजवळ काय होतें व बाहेर येतांना काय उरलें, हें पाहिलें कीं तरंगाची लांबी व ऊर्जा दोन्ही कळतात. यासाठीं कॅनडांतील चॉक रिव्हर येथें बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनीं एक त्रि-अक्षी यंत्र तयार केलें. एक स्फटिक येणारे न्यूट्रॉन निवडतो, मध्यें परीक्षेचा पदार्थ असतो, आणि दुसरा स्फटिक बाहेर पडणाऱ्यांची झडती घेतो. १९५७ सालीं ब्रॉकहाउस यांनीं या विद्येनें मॅग्नेटाइटांतील स्पिन-तरंगांचा माग काढला. मॅग्नेटाइट म्हणजे खाणींत सांपडणारा चुंबक-दगड, आमच्या ग्रंथांतील अयस्कांत. ज्या मण्याकडे सुई कां धांवते याचें कारण कणादांनीं अदृष्टावर सोंपविलें, त्याच्याच पोटांतील लाटा अखेर दृष्टोत्पत्तीस आल्या. ब्रॉकहाउस यांस याच विद्येबद्दल १९९४ सालीं क्लिफर्ड शल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या महाराष्ट्राचाही या विद्येशीं संबंध आहे. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं प्रथम चालूं झाली. पुढें अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष झालेले पी. के. अय्यंगार हे तरुणपणीं चॉक रिव्हर येथें ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून आले होते. त्यांनीं न्यूट्रॉनांच्या साह्यानें पदार्थांचें अंतरंग पाहण्याची परंपरा तुर्भे येथें रुजविली.

मॅग्नेटाइट हा कांहीं संक्रमणी धातु नव्हे. वाद होता तो लोखंड-निकेलचा. अमेरिकेंतील ओक रिज येथें मूक व निक्लो यांनीं १९७३ सालीं लोखंडावरील निरीक्षणें प्रसिद्ध केलीं, आणि त्यांत मौज अशी दिसली कीं, दोन्ही पक्षांस आपापला साक्षीदार मिळाला. लांब लाटांच्या बाबतींत तरंग स्वच्छ व ठळक होते. जणूं प्रत्येक अणु आपल्या घरीं बसून शेजाऱ्याबरोबर डोलतो आहे. परंतु लाटा आंखूड होत जाऊन त्यांची ऊर्जा खोलींतील उष्णतेच्या धक्क्यांच्या सुमारे चौपट झाली, तेव्हां तरंगाचें तेज एकाएकीं उतरलें. घरवाले इलेक्ट्रॉन असते, तर तरंग शेवटपर्यंत ठळक राहावयास हवा होता.

तेज उतरण्याचें कारण दुसऱ्या पक्षानें आधींच सांगून ठेविलें होतें. इलेक्ट्रॉनानें दिशेबरोबर आपली गतिही बदलली, तर जमाव सोडण्याची किंमत बरीच उतरते. तरंगाची ऊर्जा या उतरलेल्या किंमतीस येऊन भिडली, कीं सामुदायिक लाट पुढें अखंड राहत नाहीं. ती एकट्यादुकट्या इलेक्ट्रॉनांच्या उलटण्यांत विरूं लागते. पुढें अधिक वेगवान न्यूट्रॉनांनीं पाहतां, त्याहून वरच्या ऊर्जेसही तरंगाचा माग लागतो, पण तो पुसट व पसरट होत जातो, असें आढळलें. स्टोनर उत्तेजनें आहेत, आणि तीं तरंगाच्या वाटेवरच आहेत, एवढें सिद्ध झालें. कुटुंबाचें उदाहरण पुन्हां घ्यावयाचें तर, लहान तोटा सर्वजण निमूटपणें वाटून घेतात; पण कुरबुर एका मर्यादेपलीकडे गेली, कीं ती सर्वांची राहत नाहीं, एकेकाच्या वेगळें निघण्यांत तिचें रूपांतर होतें.

भट्टींतील उत्तर

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. स्टोनर यांच्या पक्षाचें शुद्ध रूप घेतलें, तर त्याचें उत्तर ‘मरतात’ असें आहे. तापमान वाढतें तसे इलेक्ट्रॉन एक एक करून विरुद्ध जमावांत जातात. दोन्ही जमाव सारखे झाले म्हणजे अणूंपाशीं चुंबकत्व म्हणून कांहीं उरतच नाहीं. पण याच मतानें लोखंडाचें क्यूरी तापमान काढावयास बसलें, तर तें चार हजार अंशांहून अधिक येतें! लोखंड २८६० अंशांच्या सुमारास उकळतें. म्हणजे या हिशेबानें लोखंडाची वाफ झाली असती, तरी त्याची एकी मोडली नसती. आणि लोहार तर ती साध्या भात्याच्या आंचेवर मोडून दाखवितो. जो हिशेब भट्टीपुढें टिकत नाहीं, त्यांत कांहीं तरी राहून गेलें आहे हें उघड झालें.

राहून गेले होते ते तरंगच. एकेकाच्या बंडानें घर मोडण्यास चार हजार अंश लागतील हें खरें. परंतु घर तशा रीतीनें मोडतच नाहीं. उष्णता वाढते तसे स्वस्त असलेले तरंग वाढतात, एकांत एक मिसळतात, डोलणें मोठें होतें, आणि अखेर कोणाचें तोंड कोणीकडे याचा मेळ राहत नाहीं. जपानांतील तोरु मोरिया यांनीं व इतरांनीं १९७० नंतर हिंडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रांतच या चढउतारांस स्थान देणारी मांडणी केली, आणि दोन पक्षांमधील भिंत हळूहळू ढांसळली. त्याच सुमारास निकेलच्या क्यूरी तापमानावरही तरंगासारखें कांहीं दिसतें, असें न्यूट्रॉनांच्या प्रयोगांत आढळलें. त्याचा अर्थ काय, यावर १९८० नंतरच्या दशकांत कडाक्याचा वाद झाला. पण उंबरठ्यापलीकडे सर्व कांहीं शून्य होत नाहीं, एवढें त्यांतून पक्कें झालें.

आजचें मत असें कीं, लोखंडांत क्यूरी तापमानाच्या वरही अणूअणूपाशींचें चुंबकत्व बव्हंशीं शिल्लक असतें. त्यांतील इलेक्ट्रॉन हिंडते खरेच. पण जो जो ज्या अणूपाशीं क्षणभर थांबतो, तो तेथील दिशा पाळतो, जसा पाहुणा ज्या घरीं उतरेल त्या घरचे नियम पाळतो. म्हणून माणसें बदलत राहिलीं तरी घराची रीत टिकते. मोडतो तो घराघरांमधील मेळ. निकेलची गोष्ट अधिक नाजूक आहे. तेथें घरची रीत मुळांतच दुबळी असल्यामुळें मेळाबरोबर तीही बरीच क्षीण होते. म्हणूनच घरवाल्या इलेक्ट्रॉनांच्या नमुन्यानें गणित केलें असतां लोखंडाचें क्यूरी तापमान खऱ्याच्या जवळ येतें, आणि निकेलचें चुकतें.

हें सर्व समजून घेऊन काय करावयाचें, असें कोणी विचारील. तर, आज या तरंगांकरवीं निरोप धाडतां येतील काय, म्हणजे विजेचा प्रवाह न वाहवितां गणकयंत्रें चालवितां येतील काय, याचा शोध अनेक देशांत चालू आहे. १९९६ सालीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें निकेलच्या पातळ थरावर लेसर-प्रकाशाचा अतिशय अल्पकाळ टिकणारा झोत टाकला, तेव्हां सेकंदाच्या एक-अब्जांशाच्याही एक-सहस्रांशाहून कमी वेळांत त्याचें बरेंचसें चुंबकत्व उतरलें. तें इतक्या वेगानें जातें कोठें, याच्या चर्चेंतही स्पिन-तरंग व स्टोनर उत्तेजनें हीं दोनच नांवें पुन्हां पुन्हां येतात. परंतु मला स्वतःला या विद्येचा उपयोग निराळाच झाला.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या गांवीं गेलों होतों. भट्टी अद्याप आहे. भात्याच्या जागीं विजेचा पंखा आला आहे, आणि तो मुलगा आतां केंस पांढरे झालेला कारागीर आहे. त्यानें मला ओळखलें, हात पुसून पायांस लावला, बसावयास पाट दिला. मीं त्यास तो तास आठवतो काय, असें विचारलें. “आठवतो, गुरुजी,” एवढेंच तो म्हणाला. मग मीं त्यास वर लिहिलेली हकीकत, ज्वारीच्या शेताचा दृष्टांत देऊन, जमेल तशी सांगितली. त्या दिवशीं मला उत्तर येत नव्हतें, आणि तुझ्यावर रागावण्याचें दुसरें कांहींही कारण नव्हतें, हेंही सांगितलें. तो भट्टींतील विळ्याकडे लक्ष ठेवून ऐकत होता. मध्येंच त्यानें तारेला बांधलेला एक लोहचुंबक उचलून लाल पात्याजवळ नेला. पात्यानें त्यास दाद दिली नाहीं. तेव्हां त्यानें सांडशीनें विळा उचलला, पाण्यांत बुडविला, आणि वाफ निवल्यावर म्हणाला, “पात्याला पाणी केव्हां पाजायचें हें आम्ही असेंच ओळखतों. चुंबकानें सोडलें कीं वेळ झाली. म्हणजे ते मरत नाहींत तर, गुरुजी?”

“लोखंडांत तरी नाहीं,” मी म्हणालों.

“मलाही तसेंच वाटायचें,” तो म्हणाला. “मेलेलें पुन्हां कशाला धरील?”

पन्नास वर्षें चाललेल्या वादाचा निष्कर्ष त्यानें भट्टीच्या धगीशेजारीं बसून आपला आपण काढला होता. त्याला फक्त कोणीं तरी ‘होय’ म्हणावयास हवें होतें. ज्यांच्या घरांत मुलें आहेत आणि जीं प्रश्न विचारतात, त्या वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे. उत्तर ठाऊक नसेल तेव्हां कणादांप्रमाणें ‘अदृष्ट’ म्हणावें, आणि मुलास उभें राहूं द्यावें.